साथीला बसलेले यंत्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत संगीतावर काही बोलावे, असा कार्यकारिणीचा निरोप आला, तेव्हा श्रोत्यांची अपेक्षा नाट्यसंगीताची किंवा अभंगवाणीची असणार हे आम्ही ओळखून होतो. पत्रिकेत विषय छापून आल्यावर काही ज्येष्ठांनी काळजीने आमची विचारपूसही केली. 'व्हिडिओ गेममधील संगीत' हा व्याख्यानाचा विषय आहे की तक्रारीचा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न गैरवाजवी म्हणता येणार नाही. हे संगीत आपल्या कानी पडते ते बंद दाराच्या पलीकडून, आणि जेवायला चार हाका मारल्या तरी ते थांबत नाही, एवढीच आपल्यापैकी बहुतेकांची त्याच्याशी ओळख आहे.

तथापि त्या दाराआड जे चालले आहे ते आपल्याला वाटते तितके परके नाही, असे आमचे नम्र म्हणणे आहे. आपल्या कीर्तनात, संगीत नाटकात, तमाशाच्या फडात जे काम पिढ्यान्‌पिढ्या साथीदार करीत आला, तेच काम तेथे आता सॉफ्टवेअर करू लागले आहे. ते काम म्हणजे, पुढे काय घडणार हे ठाऊक नसताना, जे घडेल त्याला शोभेल असे वाजविणे. हे शहाणपण यंत्राला कोणी शिकवायचे, आणि शिकविताना त्यातले काय टिकेल व काय गळून पडेल, हा आजचा आमचा विषय आहे.

प्रथम अडचण कोठे आहे ती पाहू. चित्रपटाला पार्श्वसंगीत देणाऱ्या संगीतकारापुढे चित्र तयार असते. नायिकेने दार उघडले ते बत्तिसाव्या सेकंदाला, असे एकदा टिपून घेतले की काम भागते, कारण पुढील प्रत्येक खेळाला ती बत्तिसाव्याच सेकंदाला दार उघडणार. व्हिडिओ गेममध्ये दार उघडणारा हात खेळणाऱ्याचा असतो. एक मुलगा गुहेच्या तोंडाशी पोहोचताच आत उडी घेईल. दुसरा बाहेरच घुटमळत राहील. तिसऱ्याला नेमकी त्याच वेळी आई हाक मारील. संगीतकाराने गुहेसाठी तीन मिनिटांचे उत्कृष्ट संगीत लिहिले, तर पहिल्याच्या बाबतीत ते रंगण्यापूर्वीच गुहा संपेल, आणि तिसऱ्याच्या बाबतीत ते केव्हाच संपून गेलेले असेल. म्हणून येथे जे संगीत लागते ते प्रसंगाच्या मागोमाग जाणारे, प्रसंगाने वळण घेतले की स्वतः वळणारे. इंग्रजीत त्याला 'अ‍ॅडॅप्टिव्ह म्युझिक' म्हणतात. आम्ही त्याला प्रसंगानुवर्ती संगीत म्हणू. शब्द जरा जड आहे. पण सुवर्णमहोत्सवात एखादा जड शब्द खपून जावा.

आता हेच वर्णन आपल्या संगीत नाटकाला लावून पाहा. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून पुढे अर्धशतकाहून अधिक काळ मराठी माणसाची रात्र नाट्यपदांनी जागविली. त्या पदांची लांबी कोणी ठरविली होती? चाल बांधणाऱ्याने नव्हे. ती प्रेक्षकांनी ठरविली. थिएटरातून 'वन्स मोअर'चा घोष उठला की पद पुन्हा उचलायचे, आणि तेही आरंभापासून असेल की अंतऱ्यापासून, हे नटाच्या एका आलापीवरून साथीदाराने ओळखायचे. बालगंधर्वांच्या मागे अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि कादरबक्ष यांची सारंगी असे. हे असामान्य कलावंत तेथे केवळ ठेका धरून बसत नसत. नट पदातून बोलण्यात आणि बोलण्यातून पुन्हा पदात कोणत्या श्वासावर येणार, याकडे त्यांचा कान लागलेला असे. खेळणारा प्रेक्षक होता, आणि त्याच्या लहरीप्रमाणे संगीत लांबत होते, आखडत होते, मागे फिरत होते. फरक इतकाच, की प्रेक्षकाच्या हाती बटण नव्हते, टाळी होती.

कीर्तनातही तोच प्रकार. बुवा पूर्वरंगातून उत्तररंगात कोणत्या वाक्यावर शिरतील हे पेटीवाल्याला सांगितलेले नसते. आणि ज्या पेटीचा आपण इतका अभिमान बाळगतो, ती मांडी घालून बसून एका हाताने भाता चालविण्याची पेटी याच शहरात द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडविली, असे मानले जाते. त्यांच्या 'द्वारकिन' या नावाचा दबदबा पुढे दूरवर होता. कलकत्त्याने महाराष्ट्राला काय दिले, याची यादी मंडळाने कधी केली, तर पहिल्या पानावर पेटी असावी.

या शहरातील आणखी एक उदाहरण आपण दर आश्विनात पाहतो. दुर्गापूजेच्या मंडपात ढाकी उभा असतो, त्याची नजर पुरोहिताच्या हातावर असते. आरतीचा ठेका वेगळा, संधिपूजेचा वेगळा, विसर्जनाचा वेगळा. आरती किती वेळ चालेल हे घड्याळावर ठरलेले नाही. धुनुची घेऊन नाचणारे थकेपर्यंत ती चालेल. ढाकी लय चढवितो, क्षणभर रोखतो, पुन्हा चढवितो. त्याच्यापुढे कागद नाही. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात झांजा वाजविणारी मंडळीही तेच करतात. अर्थात आपल्याकडे लय चढते ती बरेचदा प्रसादाची वेळ झाली म्हणून.

मग हे सारे थांबले कशाने? आमच्या मते, ध्वनिमुद्रणाने. मूकपटाच्या काळातसुद्धा पडद्याजवळ पेटी-तबला घेऊन माणसे बसत आणि चित्र पाहून वाजवीत. १९३१ साली 'आलम आरा' आला आणि पडदा बोलू लागला. १९३२ साली 'प्रभात'चा 'अयोध्येचा राजा' आला. त्याचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे. हे टेंबे म्हणजे भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला पेटीची साथ करणारे, १९११ सालच्या 'मानापमान'च्या चाली बांधणारे. ज्या हाताने आयुष्यभर दुसऱ्याच्या गळ्यामागे धावण्याची कला साधली, त्याच हाताला आता एकदाच वाजवून कायमचे गोठविण्याचे संगीत करावे लागले. ते त्यांनी उत्तम केले यात शंका नाही. परंतु चित्रपटगृहात पडद्याशेजारी बसणाऱ्या अनामिक पेटीवाल्यांची आणि तबलजींची उपजीविका त्या वेळी संपली, आणि तिच्याबरोबर प्रसंगाकडे पाहून वाजविण्याची एक मोठी शाळाही बंद पडली.

ती शाळा पुन्हा उघडली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी. १९७८ साली जपानच्या 'टायटो' कंपनीने तोमोहिरो निशिकादो यांनी रचलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ बाजारात आणला. पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी, आणि पार्श्वभूमीला खालच्या पट्टीतील अवघे चार स्वर, एकामागून एक उतरणारे. शत्रू कमी होत जातात तशी त्यांची चाल वाढते आणि तसतशी त्या चार स्वरांची लय चढते. संगीत म्हणून त्यात काही नाही, असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही. पण खेळणाऱ्याची छाती त्या लयीबरोबर धडधडू लागे, हा अनुभव जगभरच्या मुलांनी घेतला. विलंबितातून द्रुतात जाण्याचे सामर्थ्य काय असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

पुढचे महत्त्वाचे पाऊल १९९१ चे. अमेरिकेतील 'लुकासआर्ट्स' या संस्थेतील मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल या दोघांनी 'आयम्यूज' नावाची प्रणाली तयार केली आणि ती 'मंकी आयलंड'च्या दुसऱ्या भागात वापरली. त्यात वुडटिक नावाचे एक गाव आहे. खेळणारा गावातून हिंडत एका झोपडीत शिरला की चालू असलेली धून न तुटता त्या झोपडीच्या ढंगात वाजू लागते. बाहेर आला की पुन्हा गावाच्या ढंगात येते. सांधा कोठेही दिसत नाही. यासाठी त्यांनी संगीतातच खुणा पेरून ठेवल्या होत्या: येथून बाहेर पडता येईल, येथून नाही. १९९४ साली त्यांना या युक्तीचे पेटंट मिळाले. आमच्या कादरबक्षांना कोणी पेटंट दिले असते तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

मधल्या काळात सीडी आली. आवाज सुधारला, पण संगीत पुन्हा काही वर्षे गोठले, कारण ध्वनिमुद्रित तबकडी मधूनच वळविणे कठीण होते. पुढे संगणकांची शक्ती वाढली आणि दोन साधने या व्यवसायात रुजली. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या 'फायरलाइट टेक्नॉलॉजीज'चे 'एफमॉड' हे १९९५ पासूनचे, आणि कॅनडातील मॉन्ट्रियलच्या 'ऑडिओकायनेटिक'चे 'वाइज' हे २००६ चे. या दुसऱ्या संस्थेची मालकी २०१९ मध्ये 'सोनी'कडे गेली. आपल्या घरातील तरुणांच्या तोंडी ही नावे आली तर ती कशाची, हे आता आपल्याला कळेल.

ही साधने करतात काय? संगीतकार आपल्या संगीताचे तुकडे त्यांत आणून मांडतो आणि दोन तऱ्हांनी काम करतो. एक तऱ्हा तुकड्यांमागून तुकडे जोडण्याची: अरण्याचा तुकडा, गुहेचा तुकडा, लढाईचा तुकडा, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचे नियम. दुसरी तऱ्हा थरांची: तंबोरा एक थर, बासरी दुसरा, तबला तिसरा, सगळे एकाच वेळी चालू, परंतु कोणता किती ऐकू यावा हे प्रसंगावर अवलंबून. खेळाकडून साधनाला केवळ एक आकडा येतो. समजा, त्या आकड्याचे नाव 'भय' असे ठेवले. शत्रू दूर असताना भय शून्य, जवळ येता येता शंभर. वीसवर बासरी मावळावी, चाळीसवर तबला उमटावा, नव्वदवर काय व्हावे, हे ठरविण्याचा अधिकार संगीतकाराकडे राहतो. पूर्वी यासाठी त्याला प्रत्येक वेळी प्रोग्रामरच्या दारी उभे राहावे लागे. ही साधने आल्यावर तो आपल्या घरी आपले नियम लिहू लागला. या साधनांचे खरे मोल आम्हाला येथे दिसते.

२०१० सालच्या 'रेड डेड रिडेम्प्शन' या अमेरिकन खेळाची एक हकीकत प्रसिद्ध आहे. थर कोणत्याही क्रमाने एकमेकांवर चढविता यावेत म्हणून बिल एल्म आणि वुडी जॅक्सन या संगीतकारांनी संगीत एकाच स्वरात, 'ए मायनर'मध्ये, आणि मिनिटाला १३० ठोक्यांच्या एकाच लयीत मुद्रित केले. पाश्चात्त्यांना ही मोठी शिस्त वाटली. आमच्याकडे तर संध्याकाळी लावलेला षड्ज पहाटेच्या भैरवीपर्यंत हलत नाही. एका षड्जावर सारी रात्र उभी करण्याची सवय ज्यांना आहे, त्यांच्यासाठी हे साधन जणू घरचेच आहे, असे आम्हाला प्रथम वाटले. खोलात शिरल्यावर मात्र गुंते दिसू लागतात, आणि ते समजून घेण्यासाठी आपल्याला पुन्हा याच शहराकडे वळावे लागते.

१९०७ साली विष्णु नारायण भातखंडे संगीताच्या शोधात पूर्वेकडील प्रवासाला निघाले आणि कलकत्त्यास आले. येथे त्यांनी राजा शौरींद्रमोहन टागोर यांची भेट घेतली. घराण्याघराण्यांत मुखोद्गत असलेले गाणे कागदावर उतरविण्याचा ध्यास घेतलेल्या या मुंबईच्या वकिलाने पुढे जी स्वरलेखनपद्धती रूढ केली, तीत तीनतालाच्या चार विभागांखाली चार खुणा असतात: समेला गुणिले, मग दोन, खालीला शून्य, मग तीन. आता गंमत पाहा. 'एफमॉड' किंवा 'वाइज' उघडल्यावर साधन आपल्याला हेच विचारते, की या तुकड्यात खुणा कोठे आहेत, कोणत्या ठिकाणी वळू? साधनाला ठोका कळतो आणि आवर्तनाची लांबी कळते. सम म्हणजे काय हे कळत नाही. त्याच्या दृष्टीने आवर्तनाचा पहिला ठोका म्हणजे केवळ क्रमांक एक. रूपकात सम खालीवर असते, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. ते आपण आपल्या हाताने खूण करून सांगायचे आहे, आणि त्या खुणा कशा करायच्या हे भातखंड्यांनी शिकवून ठेवले आहे.

एवढ्याने भागत नाही. वळायचे तर समेवर, हा आपला पहिला विचार. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक आवर्तन चार सेकंदांत पुरे होते, तेथे समेची वाट पाहता येईल. पण विलंबित ख्यालाचे एक आवर्तन पाऊण-एक मिनिटही चालते. वाघाने झेप घेतली आहे आणि संगीत समेची वाट पाहत आहे, हे चालायचे नाही. मग मैफलीत गवई काय करतो? मुखडा पकडतो. तबलजी काय करतो? तिहाई घेतो. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर आणणे. श्रोत्याला आधीच कळते की आता काही तरी येणार, आणि ते आले की तो मान डोलावतो. प्रसंगाला वळण देण्यासाठी याहून चांगली युक्ती जगातील कोणत्या संगीताजवळ आहे, हे आम्हाला ठाऊक नाही.

आणि ही युक्ती हिशेबाची आहे, म्हणजे यंत्राला शिकविता येण्याजोगी आहे. खेळणाऱ्याने दार उघडले ते समजा खालीच्या सुमारास, म्हणजे तीनतालाच्या नवव्या मात्रेला. तेथून तीन मात्रांचा बोल न थांबता तीनदा घेतला की शेवटची थाप पुढच्या समेवर पडते. दार पाचव्या मात्रेला उघडले असेल, तर तोच तीन मात्रांचा बोल, पण मध्ये दोन-दोन मात्रांची विश्रांती. समेवरच उघडले, तर पाच मात्रांचा बोल आणि एकेक मात्रेची विश्रांती. तेराव्याला उघडले, तर एका-एका मात्रेची तीन थापांची छोटी तिहाई, मध्ये एकेक मात्रा मोकळी. मनाशी मोजून पाहावे. सर्व समेवर येतात. म्हणजे भातखंड्यांच्या चार खुणांपाशी चार तिहाया लिहून ठेवल्या, की द्रुत लयीत खेळणाऱ्याने केव्हाही दार उघडो, एका सेकंदाच्या आत यंत्र तिहाई सुरू करील आणि तिहाईच्या शेवटी नवा प्रसंग समेवर उघडेल. कोणा मोठ्या संस्थेची यासाठी गरज नाही. एक तबलजी, एक संगणक आणि सुट्टीचे चार दिवस पुरेत.

दुसरा गुंता तबल्याच्या सुराचा. याच शहरात, बहुबाजार रस्त्यावरील 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स'मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन काम करीत. १९२० साली त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर' या नियतकालिकात असे दाखवून दिले, की मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांच्या मधोमध लावलेल्या शाईमुळे त्यांच्या कातड्यातून निघणारे स्वर परस्परांशी सुसंवादी असतात. साध्या ढोलाच्या कातड्याला हे साधत नाही. आपल्या वादकांना हे कानाने ठाऊकच होते. रामन यांनी ते मापून दाखविले. याचा आपल्या विषयाशी संबंध असा, की पाश्चात्त्य ड्रमचा थर कोणत्याही पट्टीतील सुरावटीखाली सरकविता येतो, आणि परदेशी संगीतकार तबल्याचा थरही तसाच सरकवू पाहतो. तबला तर षड्जात मिळविलेला असतो. काळी एकचा तबला पांढरी पाचच्या सुरावटीखाली ठेवला, की शेजारच्या खोलीतील आजीसुद्धा सांगेल काही तरी बिघडले आहे. यंत्राला ते कळणार नाही.

रागाचे तर विचारूच नका. भूप आणि देशकार यांत स्वर तेच पाच. भूपात गंधाराचे प्राबल्य आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची. देशकारात धैवताचे प्राबल्य आणि वेळ सकाळची. थरांच्या पद्धतीत भूपाच्या बासरीवर देशकाराची सतार चढविली तर एकही स्वर दुसऱ्याशी भांडणार नाही. साधन समाधानाने म्हणेल, सर्व ठीक आहे. आणि दोन्ही राग मेलेले असतील. याउलट, ज्या खेळात सूर्य उगवतो, माथ्यावर येतो, मावळतो, त्या खेळाला भैरवापासून सारंगाकडे, तेथून मारव्याकडे आणि मध्यरात्रीच्या मालकंसाकडे नेणारा संगीतकार मिळाला, तर आपली समयाची कल्पना, जी आज ध्वनिमुद्रणांच्या जगात जवळजवळ विसरली गेली आहे, ती तेथे पुन्हा अर्थपूर्ण होईल.

येथे एक प्रसंग सांगितला पाहिजे. शहराच्या दक्षिण भागातील एका ध्वनिमुद्रणगृहात अशाच एका कामासाठी आलेल्या वयस्क तबलजींच्या शेजारी बसण्याचा योग आम्हाला आला होता. त्यांच्या कानात घड्याळासारखा टिकटिक करणारा ठोका सोडला होता. सूचना अशी होती, की सोळा मात्रा वाजवा, आहेत तशा, काही फिरवू नका. मग त्याच सोळा थोड्या जोरात. मग आणखी जोरात. त्यांनी पहिल्या खेपेला वाजविले, थांबले आणि विचारले, "समोर गाणार कोण?" मुद्रण करणाऱ्या मुलाने अदबीने सांगितले, "काका, समोर कोणी नाही. नंतर कॉम्प्युटर जुळवून घेईल." काकांनी काम चोख केले. जाताना मात्र आम्हाला म्हणाले, "म्हणजे आता ऐकायचं काम त्याचं, आणि मोजायचं माझं."

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात आमच्या व्याख्यानाचा गाभा आला आहे. साथीदाराची कला दोन गोष्टींची बनलेली असते, हातात आणि कानात. या व्यवस्थेत हात माणसाचा घेतला जातो आणि कान यंत्राचा. त्या कानाला काय ऐकू यावे याचे नियम कोणी तरी लिहितो. तो लिहिणारा जर कधी बैठकीत बसलेला नसेल, गवयाने समेपूर्वी घेतलेली ती छोटीशी उसंत त्याने कधी अनुभवली नसेल, तर तो यंत्राला फक्त क्रमांक एक शिकवील. आणि ज्या पोरांच्या कानांवर वर्षानुवर्षे तेच पडेल, त्यांच्या लेखी तबला हा एक आवाज होईल. भारतीय प्रसंग आला की वाजणारा, दिवाळीच्या जाहिरातीत झब्बा घालावा तसा.

ही भीती हवेतली नाही. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. पुराणकथांच्या प्राचीन भारतात आपल्या भावाला शोधीत निघालेल्या एका मुलीची ती कथा आहे, आणि जगभर तिचे कौतुक झाले. तिचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराने दिले. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही. त्या गृहस्थांनी भारतीय वाद्ये आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ मनापासून घातला आहे, आणि संगीताला पासपोर्ट लागू नये. परंतु पुण्यात, जेथे दर गल्लीत तबल्याचा एक क्लास आहे, तेथे या कामाला तयार असलेली माणसे पुरेशी का नव्हती, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हरकत नाही. आमचे उत्तर असे, की ज्यांना सम कळते त्यांनी हे साधन कधी उघडले नाही, आणि ज्यांनी साधन उघडले त्यांना समेपर्यंत कोणी नेले नाही.

आणि येथे आपण परमुलखातील मराठी कुटुंबे उपयोगी पडू शकतो, असे आम्हाला वाटते. आपल्या मुलांवर दोन संस्कार आपोआप झालेले असतात. घरी आजीची पेटी, बाहेर ढाक आणि रवींद्रसंगीत. टॉलीगंजला १९७७ साली स्थापन झालेली 'आयटीसी संगीत रिसर्च अकादमी' आहे, जेथे १९९३ पासून उल्हास कशाळकरांसारख्या मराठी गायकाने गुरू म्हणून शिष्य घडविले. आपले विष्णु गोविंद जोग येथेच राहिले, येथेच त्यांनी व्हायोलिनवर आयुष्य वेचले आणि २००४ साली येथेच देह ठेवला. जादवपूर विद्यापीठात संगीत आणि भौतिकशास्त्र यांचा एकत्र अभ्यास करणारे केंद्र रामन यांच्याच नावाने आहे. गुरू, प्रयोगशाळा आणि संगणक, तिन्ही एका बसच्या अंतरावर असणारी शहरे देशात फार नाहीत. बसला किती वेळ लागतो, हा वेगळा प्रश्न.

काही पालकांनी आम्हाला खाजगीत विचारले आहे, की मुलगा म्हणतो गेमच्या संगीतात काम करीन, तर करू द्यावे काय? पोटाचे काय? याचे प्रामाणिक उत्तर असे, की हा धंदा बेभरवशाचा आहे. खेळ तयार होईपर्यंत काम असते, मग नसते. नाटक कंपनीतील तबलजीचेही तसेच होते. त्यामुळे अंथरूण पाहून पाय पसरावेत. मात्र मुलाला नुसते साधन शिकू देऊ नये. ही दोन्ही साधने शिकण्यासाठी विनामूल्य मिळतात, त्यांचा वापर काही महिन्यांत हाती येतो, आणि म्हणूनच तेवढ्यावर कोणाची ओळख पटत नाही. त्याच्या जोडीला त्याने कोणाच्या तरी गाण्याला दोन-चार वर्षे साथ करावी. पेटीची करावी, तबल्याची करावी, नाही तर तंबोरा घेऊन मागे बसावे. गाणारा चुकला, अडला, लहरीने भलतीकडे वळला, तर काय करावे हे तेथे कळते. आणि गेम खेळणारा मुलगा तर सारा वेळ चुकत, अडत आणि भलतीकडेच वळत असतो.

आता आमचे बोलणे पुरे. आपल्या मंडळातील दोन विद्यार्थ्यांनी गेल्या महिन्यात एक लहानसा प्रयोग सिद्ध केला आहे. पडद्यावर एक वाडा दिसेल, त्याला चार दारे आहेत. तीनताल चालू राहील. श्रोत्यांपैकी कोणीही यावे आणि वाटेल त्या क्षणी वाटेल ते दार उघडावे. ज्येष्ठांनी प्रथम यावे, ही विनंती. आणि हाताने ताल धरून बसावे, म्हणजे यंत्र समेवर येते की नाही याचा निवाडा येथल्या येथे होईल. खालीच्या तिहाईत परवापर्यंत एक मात्रा कमी पडत होती. ती काल रात्री सापडली असे मुले म्हणतात.

(यानंतर प्रात्यक्षिक झाले. ते ठरलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास अधिक चालले. – संपादक)